कानबाई आणि सात नंबरचा पंप

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली कानबाई म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ते आधीच गल्लीपर्यंत पोचलं होतं.

त्या कारखान्यात पीझोच्या चकत्या बनायच्या. नाण्याएवढी पातळ पितळी चकती आणि तिच्यावर फुटक्या कपबशीच्या तुकड्यासारखा दिसणारा पांढरा थर. त्याला वीज दिली की तो किंचित पसरतो, काढली की आकसतो, आणि त्याच्याबरोबर चकती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. सेकंदाला हजारो वेळा. "आपल्या घरात जे जे पिं करतं ना," जाऊबाई मला सांगायच्या, "त्या प्रत्येकाच्या पोटात ही चकती असते." खेळणी, धुराची सूचना देणारे डबे, वजनकाटे, सगळं. जाऊबाईंचं काम एवढंच, की चकती दोन टोकांमध्ये धरायची, पायाने कळ दाबायची आणि ऐकायचं. सूर स्वच्छ असेल तर उजव्या पेटीत, नाहीतर डाव्या. दिवसाला पाच हजार चकत्या, आणि अशी बावीस वर्षं.

मोठे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, घरं रंगवायचं काम करायचे. ते पाहुण्यांना सांगत, "हिच्यापुढे थाप मारायची सोय नाही. आवाजातली चीर हिला पहिल्या शब्दाला कळते." खोटं नव्हतं ते. दुकानात कप घ्यायला गेलो की त्या प्रत्येक कपाला नखाने टिचकी मारून बघायच्या, आणि दुकानदाराला न दिसलेला तडा त्यांना ऐकू यायचा.

मग कारखान्यात यंत्र आलं. त्याला माइक होता आणि ते जेवायला उठत नव्हतं. ऐकणाऱ्या सहाही बायकांना एका आठवड्यात घरी बसवलं. जाऊबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्या रडल्या वगैरे नाहीत. घरातली सगळी कपाटं आवरली, मग माझीही आवरली, आणि मग हात रिकामे राहिले. चार महिने त्या खिडकीपाशी बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे ब्रेक ऐकत असायच्या. "याचे लायनर गेलेत," असं मध्येच म्हणायच्या. कुणाला सांगणार?

एका सकाळी दारात एक तिशीतली बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, बोटांना गोंद लागून वाळलेला.

"तपासणी नंबर चार तुम्हीच का?"

"होते," जाऊबाई म्हणाल्या. "आता बिननंबरी आहे."

ती इंजिनीअर होती. मी तिला इंजिनीअरबाईच म्हणते. ती त्याच कारखान्यातून चकत्या विकत घ्यायची, पण आवाजासाठी नाही, पंपासाठी. प्रत्येक खोक्यात तपासणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असायची. दोन वर्षांत तिच्या लक्षात आलं की चार नंबरच्या खोक्यातली चकती तिच्या पंपात सहसा फुटत नाही. यंत्र आल्यापासून चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि सगळी खोकी एकसारखी मध्यम निघायला लागली. तेव्हा तिने कारखान्याच्या फाटकावर जाऊन, चार नंबर कोण, अशी चौकशी केली, आणि पत्ता काढत आमच्या दारात आली.

"मला पंप कशाशी खातात तेही माहीत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"ते मी शिकवीन. ऐकायचं कसं, ते मला येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई कामाला जायला लागल्या.

इंजिनीअरबाईंची जागा एका लाँड्रीच्या वर होती, दोनच खोल्या. खालून वाफ येऊन फरशी कायम कोमट असायची आणि सगळ्या कागदांना साबणाचा वास. एका खोलीत गोंद, सूक्ष्मदर्शक आणि बारीक चिमटे. दुसरीत पंपातून आलेलं पाणी तोलायला दगडी लादीवर ठेवलेला एक तराजू, धूळकणाचंही वजन सांगेल असा. खाली लाँड्रीवाला कपडे पिळायचं यंत्र लावायचा तेव्हा तराजूवरचे आकडे नाचायला लागायचे. म्हणून भिंतीवर लाँड्रीचं वेळापत्रक लावलं होतं आणि पिळणं चालू असलं की या दोघी चहा प्यायच्या.

पंप म्हणजे काय, हे मला जाऊबाईंनीच जेवणाच्या टेबलावर समजावलं. चकतीच्या खाली एक छोटीशी पोकळी, बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिला दोन दारं, पातळ रबराच्या झडपा. चकती वर फुगली की आत येणारं दार उघडतं आणि पाणी ओढलं जातं. चकती खाली दबली की ते मिटतं, बाहेर जाणारं उघडतं आणि पाणी ढकललं जातं. चकती हलते किती? केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही. एका ठोक्याला पुढे सरकलेलं पाणी डोळ्याला दिसत नाही, पण सेकंदाला साठ ठोके पडले की नळीच्या टोकाशी थेंब धरतो.

हे सगळं कंपवाताच्या रुग्णांसाठी होतं. अशा काही रुग्णांना औषध दिवसभर कातडीखाली थोडं थोडं, न थांबता द्यावं लागतं. त्यासाठी इंजिनीअरबाईंना शर्टाच्या आत पट्ट्यावर मावेल असा पंप हवा होता, काड्यापेटीपेक्षा लहान. ज्याचे हात आधीच ऐकत नाहीत त्याच्या अंगावर आणखी ओझं कशाला, असं त्या म्हणायच्या.

पण पंप चालत नव्हते. म्हणजे गुणगुणत होते, पण पाणी पुढे सरकत नव्हतं. कारण बुडबुडा. पाण्यातून हवेचा एखादा कण पोकळीत शिरला की चकती दाबायची ती त्या हवेलाच. हवा दबायची, पुन्हा फुलायची, आणि पाणी जागच्या जागी. इंजिनीअरबाई पाणी उकळून, त्यातली हवा ओढून काढून वापरत होत्या, तरी आठवड्यातून दोनदा हा पाहुणा यायचाच. आणि आला कधी, हे तराजूवरचे आकडे थांबल्यावरच कळायचं. तोवर उशीर झालेला असायचा.

तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई चकत्या निवडत बसल्या होत्या. मागे पंप चालू होता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आत्ता शिरला."

"काय शिरला?"

"तुमचा पाहुणा."

इंजिनीअरबाईंनी तराजूकडे बघितलं. आकडे वाढत होते. त्या हसणार, इतक्यात आकडे थांबले.

शास्त्र शिकलेलं माणूस एका प्रसंगावर विश्वास ठेवत नाही. त्यांनी जाऊबाईंना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दोन दिवसांत वीस वेळा, स्वतः सुईने हवा सोडून किंवा न सोडता, परीक्षा घेतली. जाऊबाई अठरा वेळा बरोबर निघाल्या. उरलेल्या दोन वेळांबद्दल त्यांनी मला ठासून सांगितलं, की तेव्हा खाली लाँड्रीवाला नळ दुरुस्त करत होता.

मग कामाला खरी गती आली. जाऊबाईंनी आणखी एक गोष्ट हेरली. बुडबुडा शिरताना सूर एकदम बसायचा नाही, आधी थोडा डगमगायचा. "तो लगेच मध्ये जात नाही, आधी कुठेतरी कोपऱ्यात दबा धरून बसतो," त्या म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर खरंच, बाहेर जाणाऱ्या झडपेशेजारी चौकोनी खोबण होती आणि हवा तिथे भिंतीला पाठ लावून साठत होती. इंजिनीअरबाईंनी ती खोबण गोलाकार केली आणि पोकळी आणखी उथळ केली. जितकी पोकळी उथळ, तितकं चकतीच्या प्रत्येक दाबाचं बळ जास्त, आणि हवेचा कण बसून न राहता पाण्याबरोबर बाहेर. एका नमुन्यावर भागलं नाही, अकरा झाले. चौथ्याच्या झडपा चिकटल्या. सातव्याने जाऊबाईंच्या मांडीवर पाणी ओतलं. अकरावा मात्र चालला.

तो अंगावर घालून बघायला मास्तर आले. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, कंपवाताला सात वर्षं झालेली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांची गाठ घालून दिली होती. औषध नाही, नुसतं पाणी भरायचं, तेही शरीरात न सोडता एका पिशवीत जमा करायचं. पंप दिवसभर चालतो का आणि माणसाला त्रास होतो का, एवढंच बघायचं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "पंप चांगला आहे. फक्त तुम्ही माझ्या कमरेला डास बांधलाय."

चकतीला वीज धक्क्याधक्क्याने मिळत होती, म्हणून ती करकरायची. इंजिनीअरबाईंनी वीज लाटेसारखी, हळू चढून हळू उतरेल अशी केली आणि डास गप्प झाला. मास्तर खूश झाले. पण त्यानंतर पंपाचा आवाज इतका बारीक झाला, की जाऊबाईंना तो रबरी नळी कानाला लावून ऐकावा लागायचा. "सोपं काम अवघड करून ठेवलंत," त्या इंजिनीअरबाईंना म्हणाल्या. दोघी हसल्या. त्या अवघडपणामागे आणखी काही आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा जाऊबाईंनाही नाही.

मला कळलं ते असं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिला ताप आला होता. दुपारची वेळ, जाऊबाई सुट्टीमुळे घरी होत्या. त्या तिच्या उशाशी थर्मामीटर लावून बसल्या आणि मी आत भांडी घासत होते. थर्मामीटर वाजला. मी वाट बघितली. थोड्या वेळाने आतून हाक मारली, "किती आहे हो?"

"थांब, वाजू दे की."

मी हात पुसत बाहेर आले. थर्मामीटरच्या पट्टीवर आकडा केव्हाचा येऊन स्थिर झाला होता. मी तो काढून घेतला, बटण दाबून पुन्हा चालू केला आणि त्यांच्या कानाशी धरला. सुरू होताना तो एकदा पिं करतो. मुलगी तापातही म्हणाली, "वाजला." जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला नाही ऐकू आलं?"

त्या म्हणाल्या, "माणसांचं येतं सगळं. वरचं येत नाही. बारीक असतं ना, ते. वर्षभर झालं असेल." मग माझा हात धरला. "कुणाजवळ बोलू नकोस. यांच्याजवळसुद्धा नाही."

मी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटलं. एका बाईची भाकरी तिच्या कानांवर होती आणि ते कान मिटत चालले होते. मी काय करायला हवं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही दोघींनी ती मूठ झाकली, एवढं खरं.

त्याच सुमारास मोठी चाचणी सुरू झाली. रुग्णालयात औषध भरून पंप वापरायचे तर आधी बारा पंप हजार तास सलग चालवून दाखवायचे होते. हजार तास म्हणजे सहा आठवडे. लादीवर बारा पंप ओळीने मांडले, एक ते बारा आकडे लिहून. रोज सकाळी दोन गोष्टींची नोंद व्हायची. पाणी किती सरकलं, हे तराजू सांगायचा. सूर कसा आहे, हे जाऊबाई. वहीत रकाना होता, 'आवाज'. त्यात त्या लिहायच्या, 'स्वच्छ'.

पहिले काही दिवस त्यांनी जीव कानात आणून ऐकलं. नळी इकडून लावून बघितली, तिकडून लावून बघितली. खालचा गुणगुणाट यायचा, पण त्याच्या वर जी बारीक किनार असते, जिच्यावरून चकतीचा तडा कळतो, ती येत नव्हती. मग त्यांनी एक युक्ती केली. आधी तराजूचा आकडा बघायचा. तो ठीक असेल तर 'स्वच्छ' लिहायचं. आकडे ठीकच होते. बारा पंप, बेचाळीस दिवस, सगळीकडे 'स्वच्छ'.

हजार तास पुरे झाले. इंजिनीअरबाईंनी त्यातला कुठलाही एक पंप मास्तरांना घालायला द्यायचं ठरवलं. हाताला आला तो सात नंबरचा. यावेळीही नुसतं पाणीच होतं. मास्तर तो लावून बागेत फेरी मारायला गेले, आणि तासाभराने जिने चढून परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची डावी बाजू पोटापासून पँटच्या खिशापर्यंत ओली होती.

"माझं वय झालंय," मास्तर म्हणाले, "पण हे मी केलेलं नाही."

त्यांच्या विनोदावर कुणी हसलं नाही. इंजिनीअरबाई खुर्चीत बसल्या. त्या पाण्याच्या जागी औषध असतं तर मास्तरांना ते मिळालं नसतं, आणि पंपाने गुणगुणत राहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं असतं. हे तिथल्या तिघांनाही कळलं होतं.

चकतीच्या कडेचा गोंद सुटला होता. इंजिनीअरबाईंनी वही काढली, सात नंबरचं पान शेवटपर्यंत वाचलं आणि हिशेब मांडला. "आकडे बरोबर. आवाज स्वच्छ. म्हणजे पंप निर्दोष होता आणि तरी गळला. म्हणजे गोंदच वाईट. या खालच्या वाफेने तो कच्चा राहतो." त्यांनी ठरवलं की बाराही पंप टाकायचे, गोंद बदलायचा, जागाही बदलायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणजे निदान पाच-सहा महिने. रुग्णालयाला तसं कळवायला त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

जाऊबाई त्या दिवशी घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. दिरांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना त्या मला म्हणाल्या, "गोंदाचा काही दोष नाही गं. बिचारा गोंद."

"मग?"

"ती चकती आतून चिरली असणार. मी ऐकलंच नाही, तरी लिहिलं."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार आहे? गोंद काही बोलायला येत नाही."

आज मला त्या वाक्याची लाज वाटते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण एखादी चकती डाव्या पेटीत टाकताना बघावं तसं. चादरीच्या चार घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "ती बाई आता वर्षभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसेल. मी रोज समोर बसून बघू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर गेल्या. इंजिनीअरबाई पत्राच्या पाकिटावर पत्ता लिहीत होत्या.

"बाई, ते पाठवू नका," जाऊबाई म्हणाल्या. "आवाजाचा रकाना खोटा आहे. सगळा. मला वरचं ऐकू येत नाही. वर्ष झालं."

इंजिनीअरबाईंना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. त्यांनी विचारलं, "बाराही?"

"बाराही."

"रोज?"

"पहिले पाच-सहा दिवस प्रयत्न केला. नंतर रोज."

इंजिनीअरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जाऊबाई नंतर म्हणाल्या. त्या एवढंच बोलल्या, "ताई, आकडे चुकले तर मी दुरुस्त करू शकते. पण खोटं लिहिलेलं असेल तर मला कळणार कसं?" मग म्हणाल्या, "दोन दिवस येऊ नका. मला विचार करू दे."

ते दोन दिवस फार वाईट गेले. जाऊबाईंनी पहिल्यांदा दिरांना सगळं सांगितलं. दीर खुर्चीवरून उठले, गुडघे धरत त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "तरीच. मला वाटत होतं मी बोलतो त्याकडे तू मुद्दाम दुर्लक्ष करतेस."

"ते मुद्दामच करते," जाऊबाई म्हणाल्या. मग मात्र दोघंही हसली, आणि हसता हसता जाऊबाई रडल्या. कारखाना सुटला तेव्हा न रडलेलं तेही त्यात आलं असावं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. या.

इंजिनीअरबाईंनी सात नंबरचा पंप उघडून चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. पांढऱ्या थरात कडेपासून आत गेलेला केसाएवढा तडा होता. ताजा तडा पांढरा दिसतो, हा काळपट होता, म्हणजे जुना. तो पहिल्या आठवड्यापासून असावा. तडकलेली चकती वेडीवाकडी हलत राहिली आणि तिने हळूहळू कडेचा गोंद उसवला. बाकी अकरा पंपांचा गोंद ठणठणीत होता.

"पत्र पाठवलं नाही," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "पण मला अजून राग आहे. तो जायला वेळ लागेल."

"लागू द्या," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि चूक माझीही आहे. एका माणसाच्या कानावर मी अख्खं काम टांगून ठेवलं. तुम्ही आजारी पडला असता तरी हेच झालं असतं."

यावर उपाय त्यांच्या डोक्यात आला होता. चकतीला वीज दिली की ती हलते. उलट, तिला हलवलं की ती स्वतः वीज देते, अगदी थोडी. म्हणजे चालू पंपाची वीज क्षणभर तोडली, तर चकती थरथरत थरथरत शांत होताना आपल्याच थरथरीचं चित्र पडद्यावर काढून देईल. पण चित्र मिळालं तरी ते वाचायचं कसं? निरोगी चकतीची लाट कशी दिसते, तडकलेलीची कशी, बुडबुडा असेल तर कशी, हे कुणाला ठाऊक?

तेव्हा जाऊबाईंनी आपल्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला. कान शाबूत होते त्या दिवसांत इथे नापास केलेल्या चकत्या त्यांनी फेकल्या नव्हत्या. प्रत्येक चकती कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर त्यांच्या अक्षरात एकेक शब्द. 'चिरका'. 'बद्द'. 'घोगरा'. 'दोन तोंडी'. 'आत खडा'. तीनशेच्या वर पुड्या होत्या.

पुढचे दोन महिने दोघी त्या पुड्या उघडत होत्या. एकेक चकती बसवायची, वीज तोडायची, पडद्यावरची लाट कागदावर उतरवायची आणि खाली जाऊबाईंचा शब्द लिहायचा. 'चिरका'च्या सगळ्या लाटांना शेवटाकडे तेच काटे निघाले. 'बद्द' लवकर विझत होत्या. 'दोन तोंडी' चकतीची लाट खरंच दोन लाटांसारखी एकमेकींत अडकलेली दिसली. ती बघून इंजिनीअरबाई म्हणाल्या, "तुम्ही हे नुसतं ऐकून लिहिलं होतं?"

"मग काय चाखून?"

राग गेला तो बहुधा त्याच दिवशी.

कान तपासून घ्यायला मी जाऊबाईंबरोबर गेले. डॉक्टर म्हणाल्या, वय आहे आणि बावीस वर्षांचे ते सूर आहेत, गेलेलं परत येणार नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्याने घरातली बोलणी सोपी झाली, पण चकतीची किनार काही परत आली नाही. जाऊबाईंनी ते निमूटपणे मान्य केलं. आवाजाचा रकाना त्यांनीच वहीतून काढायला लावला. त्याच्या जागी आता लाटेचा कागद चिकटवतात, आणि ज्याला वाटेल त्याने तो स्वतः बघावा.

नवे बारा पंप बनले. नव्या तपासणीत त्यातले दोन नवव्या आणि चौदाव्या दिवशी पकडले गेले, एक थेंबही गळायच्या आधी. दहा पंपांनी हजार तास पार केले. मास्तरांनी पाण्याचा पंप तीन दिवस घातला आणि कोरड्या शर्टाने परत आणून दिला. मग रुग्णालयात, डॉक्टरांच्या समोर, पहिल्यांदा औषध भरलं गेलं.

त्या दिवशी इंजिनीअरबाई जाऊबाईंना बरोबर घेऊन गेल्या. परत आल्यावर जाऊबाईंनी मला सगळं सांगितलं. मोठा चमत्कार काही झाला नाही. मास्तर दोन तास खुर्चीत बसून होते, पेपर वाचत, पानं फडफडत. हळूहळू ती फडफड कमी झाली, थांबली मात्र नाही. डॉक्टरांनी पेन्सिल दिली. चित्रकलेच्या मास्तरांनी खिडकीतलं झाड काढायला घेतलं. पहिली रेघ भलतीकडे गेली, दुसरीही. तिसरी खोडासारखी दिसली. मास्तरांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "वर्गातल्या पोराने काढलं असतं तर दहापैकी चार दिले असते."

"मी पाच दिले असते," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही फार सैल तपासता, बाई."

इंजिनीअरबाईंना आणि जाऊबाईंना ते दुसऱ्याच अर्थाने लागलं. मग जाऊबाईच म्हणाल्या, "तपासायचे. आता नाही." मास्तरांना काही कळलं नाही, पण त्यांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली आणि झाडाला फांद्या काढायला सुरुवात केली.

आता लाँड्रीच्या वरच्या त्या खोल्यांत आणखी दोन बायका कामाला आहेत. त्यांतली एक जाऊबाईंच्याच कारखान्यातली, तपासणी नंबर दोन. तिचे कान अजून चांगले आहेत. तिने पहिल्याच दिवशी पंपाला कान लावला आणि म्हणाली, "हा स्वच्छ आहे." जाऊबाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "असेल. दाखव."